टिपणीस मॅडमचा न उलटलेला प्रवाह

टिपणीस मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रयोगशाळेत डाळिंब्या सोलत होत्या. मांडीवर पातेलं, समोर संगणकाच्या पडद्यावर सावकाश उतरणारं तापमान. मी खडकीहून, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, पीएचडीच्या मुलाखतीला आले होते. त्यांनी मोड आलेल्या वालांची मूठ माझ्यापुढे ठेवली. "सोला." बऱ्याच वेळाने वर पाहून म्हणाल्या, "तुकडे फार करता. पण उठून गेला नाहीत. सोमवारपासून या." हीच माझी मुलाखत.

आमचं काम अतिवाहकांवर. अतिवाहक म्हणजे पुरेसे गार केले की वीज अजिबात न अडवणारे पदार्थ. असे दोन तुकडे घ्यायचे, मध्ये अगदी पातळ अडसर ठेवायचा आणि तो पार करून किती प्रवाह पलीकडे जातो ते तापमान उतरवत मोजायचं. साध्या अतिवाहकांत गार करावं तसा हा प्रवाह वाढतो आणि मग स्थिरावतो. मॅडमना त्यांचा कंटाळा. "सरळमार्गी जावई! कौतुक करावं आणि विसरून जावं." त्यांचा जीव जडला होता तऱ्हेवाईक अतिवाहकांवर, ज्यांच्यात सगळं दिशेवर अवलंबून असतं. "ह्यांच्या दारात तुम्ही कुठल्या कोनात उभे राहता, त्यावर आत घ्यायचं की नाही ते ठरतं. ह्यांचा शोध पुण्यात कसा लागला नाही, ह्याचंच नवल वाटतं."

असे दोन तुकडे ठरावीक कोनात जोडले, तर गार करताना प्रवाह आधी वाढेल, मग कमी होत शून्याला टेकेल आणि चक्क उलट दिशेने वाहू लागेल, असं गणित सांगतं. मॅडमना तो आपल्या उपकरणात, आपल्या डोळ्यांनी उलटलेला पाहायचा होता. वर्षानुवर्षं त्या जोड बनवत राहिल्या आणि प्रवाह दरवेळी शहाण्यासारखा वाढून स्थिर होत राहिला. निवृत्ती आठवड्यावर आली आणि नवा साठा येईपर्यंत गार करायला लागणारा द्रव हेलियम एकाच खेपेपुरता उरला.

नमुना तांब्याच्या पट्टीवर वार्निशने चिकटवून रात्रभर वाळू द्यायचा, हा नियम त्यांचाच. घाई करणाऱ्याला त्या विचारत, "का हो, मुहूर्त टळतोय?" त्या बुधवारी मात्र त्यांनी स्वतः सकाळी चिकटवला आणि दुपारीच गार करायला घेतला.

"मॅडम, ओलं असेल अजून," मी म्हणाले.

"अहो, मी चिकटवलाय."

पुढे बोलायची कोणाची टाप होती!

प्रवाह वाढला. वाढत वाढत एका जागी थबकला आणि उतरायला लागला. मी किंचाळलेच. शेजारच्या खोल्यांतले सगळे धावत आले, कोणीतरी पेढे आणायला पळालं. मॅडमनी फक्त खुर्ची पुढे ओढली. "आता तापमान परत वर न्या." जाताना दिसलं ते येताना त्याच तापमानाला दिसायलाच हवं होतं. दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी उपकरण उघडलं तर नमुना पट्टीवरून सुटून एका बाजूला कललेला. पट्टी गार होत गेली होती आणि नमुना मात्र तारांतून येणाऱ्या उष्णतेने तापत गेला होता. थर्मामीटर होता पट्टीवर. कूलरसमोर बसलेल्याला स्वयंपाकघरातला उकाडा विचारावा, तसा आमचा तो आलेख.

पण बातमी तोवर सभागृहापर्यंत पोचली होती. निरोप समारंभात विभागप्रमुख रंगात येऊन म्हणाले, "टिपणीस मॅडमनी जाता जाता प्रवाह उलटवून दाखवला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, घेऊ देत की आजच्या दिवस, कोणाचं काय जातंय?

मॅडम शाल सावरत उठल्या.

"सरांचं भाषण छान झालं. माहिती चुकीची आहे. प्रवाह उलटलेला नाही. नमुना सुटला होता आणि तो चिकटवला होता मी. बटाटेवडे गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

लोक हसले, मग हसावं की नाही असं होऊन वड्यांकडे वळले. मॅडम तडक प्रयोगशाळेत गेल्या. मी मागोमाग गेले.

"वाईट वाटतंय का, मॅडम?"

"वाटणारच. मला तो बघायचा होता हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही राहवेना. त्यांना रडताना पाहायची मला सवय नव्हती, आणि त्या क्षणी त्या मला फार फार आवडल्या.

"आता तुम्ही नका सुरू करू. सरका तिकडे."

शाल आणि नारळ त्यांनी स्टुलावर ठेवला, हात धुतले आणि एक कोरा नमुना काढून पट्टीवर चिकटवायला घेतला. पुढच्या खेपेचा, माझ्यासाठी. तेवढ्यात त्यांच्या यजमानांचा फोन आला, मीच घेतला. वारज्याला जायची रिक्षा खाली केव्हाची उभी होती आणि रिक्षावाला वैतागला होता.

"मॅडम, रिक्षा थांबलीय."

"थांबू दे," नमुन्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आता मला कसली घाई?"