पुढची सीट रिकामी होती

निवृत्त झालो, खाकी उतरवली, पण पडघ्याचं ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी मुंबईहून एक जावई मिसिंगची तक्रार घेऊन आला. सासरे धुळ्याकडचे, पहिल्यांदाच मुंबईला निघालेले. मुलीचं मोठं ऑपरेशन होतं आणि बाबांना बघितल्याशिवाय आत जाणार नाही, असा तिचा हट्ट होता. त्यांची एसटी पडघ्याजवळ बंद पडली. कंडक्टर मागच्या गाडीत बसवून देणार होता, पण म्हातारबाबांना दम निघेना. ते चालत नाक्यावर गेले आणि तिथून फोन बंद.

नाक्यावरच्या भजीवाल्याकडून खबर मिळाली. "बाबा दोन रिकाम्या गाड्या सोडून पांढऱ्या गाडीत बसले, सायेब. तिच्यात आधीच दोन पाशिंजर व्हते." टोलनाक्याचं फुटेज मागवलं. मागे तिघे, मधे बाबा, पोटाशी पिशवी. ड्रायव्हरच्या शेजारी कोणी नाही.

आमचे हवालदार म्हणाले, यात वावगं काही दिसत नाही. कसलं काय! या नाक्यावर शेअरची गाडी सीट भरल्याशिवाय हलत नाही. लोक वैतागतात, शिव्या घालतात, तरी ड्रायव्हर "मुंबई, मुंबई" ओरडत उभाच. हा रिकामी सीट घेऊन निघाला, म्हणजे याला भाडं नकोच होतं. मागचे दोघेही त्याचेच.

गाडीच्या नंबरवरून ड्रायव्हर ताब्यात घेतला. बाबांना ठाणे स्टेशनजवळ उतरवलं, हे एकच पालुपद. मी फुटेज दाखवून विचारलं, "पुढची सीट कोणासाठी ठेवली होतीस?" त्यानं आधी पाणी मागितलं. मग साथीदारांची नावं सांगितली, जागाही दाखवली. पूर्णा गावातल्या गोदामांमागच्या नाल्यात प्रेत मिळालं. पिशवी सोडेनात म्हणून गळा आवळला होता.

मुलीला खोटं सांगूनच ऑपरेशनला नेलं होतं. बरी झाल्यावर ती जबाबाला आली. म्हणाली, "मी बाबांना फोनवर बजावलं होतं, एकट्यानं गाडीत बसू नका, माणसं बसलेली बघूनच बसा. तरी ते एकटेच बसले का हो?"

मी जबाब लिहिला, नियमाप्रमाणे तिला वाचून दाखवला. उत्तर मात्र दिलं नाही. पुढे कोर्टात फुटेज लावलं, तेव्हा ती समोरच्या बाकावर होती. पडद्यावर मधे बसलेले बाबा दिसले आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

आरोपींना शिक्षा झाली. पण आपली सावधगिरीसुद्धा गुन्हेगार शिकून घेतो, हे मला तिथे कळलं. आता गावाकडून कोणी मुंबईला कसं यायचं विचारलं, की मी सल्ला देत नाही. स्टँडवर जाऊन स्वतः घेऊन येतो.