पगडीची जागा

आमच्या भावोजींच्या दिवाणखान्यात अकरा खुर्च्या होत्या आणि बसण्यासारखी एकही नव्हती. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे, कारण मेहुणीला तेवढा हक्क असतो. ते खूश होत. त्यांना ती स्तुती वाटे.

मधुसूदनपंत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वनमालाताईचे यजमान, ग्वाल्हेर दरबारच्या फर्राशखान्यात कारकून होते. दरबारचे गालिचे, तंबू, पडदे, झुंबरं यांची उस्तवार करणारं हे खातं. दरबार भरला की कुणाची बैठक कुठं, कुणाच्या उजव्या हाताला कोण, हे भावोजींना तोंडपाठ. तिथवर ठीक होतं. पण हीच विद्या त्यांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या तीन खोल्यांच्या घरात आणली. दिवाणखान्यातल्या अकरा खुर्च्या त्यांनी मानाप्रमाणे लावल्या. सर्वांत वरची लाल मखमलीची खुर्ची सरदारासाठी. घरी सरदार कधी येत नसे, म्हणून तिच्यावर कधी कुणी बसलं नाही. आमचे हे शाळामास्तर. त्यांना बारा वर्षं दाराजवळचं वेताचं स्टूल मिळालं.

दाराच्या तोंडाशीच झुंबर टांगलं होतं, तेही इतकं खाली की उंच माणसाला वाकूनच आत यावं लागे. मी म्हटलं, "भावोजी, वर घ्या की ते." तर म्हणाले, "इंदुताई, तुम्हाला समजत नाही. येणारा माणूस मुजरा करून आत येतो. किती अदबीचं दिसतं!" खिडकीवर जाड जांभळा पडदा होता आणि तो उघडायला बंदी होती. उघडला की खिडकी दिसे, आणि खिडकीतून समोरच्यांची म्हैस दिसे. टेबलांवर चिनी मातीची कुत्री, मेणाची फळं, भिंतीतल्या कोनाड्यात बंद पडलेलं घड्याळ. घड्याळाचे काटे पाचावर लावून ठेवलेले, कारण ती साहेबलोकांच्या चहाची वेळ.

गंमत अशी की गाव त्यांचा सल्ला घेई. महाराज बाड्याच्या चौकाच्या आसपास कुणी घर बांधलं की भावोजींना बोलावणं जाई. ते आत शिरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "रौनक नाही." मग रौनक आणली जाई. सदाशिवरावांच्या घरी त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणवला. म्हणे चारी बाजूंनी शोभतो. पहिल्याच रात्री सदाशिवराव पाणी प्यायला उठले आणि पायाच्या अंगठ्याचं नख गमावून बसले. तरी आल्यागेल्याला तो पलंग दाखवीत, लंगडत का होईना.

या घरात माणसानं राहावं अशी जागा एकच होती, ताईची मधली खोली. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. एक साधं लाकडी तखत होतं, बसलं की पाय जमिनीला टेकतील इतकंच उंच. ते कुठं ठेवायचं हे ठरवायला ताईनं आठ दिवस घेतले. सकाळी इकडे, दुपारी तिकडे ओढून बसून पाहिलं. शेवटी शिवणावर डाव्या बाजूनं उजेड पडेल आणि पाठीला बाहेरच्या निंबाच्या झाडाकडचा वारा लागेल अशी जागा सापडली. खिडकीला वाळ्याचा पडदा, हात लांबवला की सुरई. लोडाला आजीच्या जुन्या इरकली लुगड्याचा अभ्रा. खोलीला तेवढाच रंग. तखताशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, तो मात्र ती कायम रिकामा ठेवी. त्यात पणतीसुद्धा ठेवू देत नसे.

मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अगं, माणूस हातात काही ना काही घेऊन येतो. त्याला ते ठेवायला जागा नको का? बस, इतकीच बात."

या खोलीवर भावोजींचा डोळा होता. फर्राशखान्याच्या कारकुनांवरचे जुने दारोगा पेन्शनीत निघाले होते आणि ती जागा आपल्यालाच मिळणार असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. "दारोगा झालो की ही मधली भिंत पाडून टाकतो," ते म्हणत, "एकच मोठा हॉल! आणखी सात खुर्च्या येतील." भावोजी गेले की ताईला त्या भिंतीवरून हात फिरवताना मी पाहिलंय.

सन पस्तीसच्या वैशाखात खात्याचे वरिष्ठ, सरदार विश्वासराव, यांचा निरोप आला. दरबारी पाहुण्यांच्या मुक्कामाची नवी कोठी सजवायची होती. मधुसूदनपंतांच्या घराची तारीफ फार ऐकली, एकदा बघून घेऊ. घरात धांदल उडाली. मी पन्हं करायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

विश्वासराव भर दुपारी, लूच्या गरम झळा वाहत असताना, थेट दरबारातून आले. अंगात अंगरखा, डोक्यावर भली रुंद शिंदेशाही पगडी. दारातच पगडी झुंबराला अडकली. "खाली वाकावं सरकार," भावोजी अभिमानानं म्हणाले. सरदार वाकले. मखमलीच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, तेव्हा बारा वर्षं वाट पाहणारी स्प्रिंग वर आली. पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले.

त्यांनी घाम पुसायला पगडी उतरवली आणि ती ठेवायला जागा शोधू लागले. पगडी जमिनीवर ठेवत नाहीत. ज्यावर माणूस बसतो त्यावरही ठेवत नाहीत. कोनाड्यात घड्याळ होतं, एका टेबलावर कुत्री होती. दुसऱ्यावर मेणाची फळं होती आणि उन्हानं त्यातला आंबा केळ्याला चिकटून बसला होता. सरदारांनी पगडी मांडीवर घेतली. तेवढ्यात मी पन्ह्याचा पेला दिला. आता एका हातात पगडी, दुसऱ्यात पेला आणि घाम डोळ्यांत उतरतोय. भावोजी समोर उभे राहून जांभळ्या रंगाचं महत्त्व सांगत होते.

सरदार उठले. मधल्या दाराच्या पडद्याखालून गार झुळूक येत होती, तिच्या मागे चालू लागले. त्यांचा शिपाई दौलतसिंह म्हणाला, "सरकार, उधर जनाना है." पण सरदार आत गेलेही. ताई तांदूळ निवडत होती; सूप घेऊन चटकन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. सरदारांनी कोनाड्यात पगडी ठेवली. ती बेतून केल्यासारखी बसली. मग ते तखतावर टेकले, पन्हं संपवलं, लोडाला रेलले आणि घोरू लागले.

तासभर भावोजी बाहेर दाराजवळच्या वेताच्या स्टुलावर बसून होते. नोकरी गेली, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सरदार जागे झाले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "पंत, आता तुमची हिकमत समजली! माणसाला आधी बाहेरच्या त्या खुर्चीवर बसवायचं, मग इथं आणायचं. तेव्हा त्याला आरामाची किंमत कळते. वाहवा! कोठीतल्या खोल्या अशाच झाल्या पाहिजेत."

भावोजींनी डोळ्याचं पातं लवू दिलं नाही. "सरकार, तीच तर कल्पना होती माझी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच ताईनं माझं मनगट धरलं. "राहू दे," ती हळूच म्हणाली, "भिंत वाचली ना."

भिंत वाचली. भावोजी दारोगा झाले. आठ दिवसांत मधली खोली ‘दारोगासाहेबांची खास बैठक’ झाली. लोक ती बघायला येऊ लागले. भावोजी तखतावर बसून डाव्या बाजूच्या उजेडावर व्याख्यान देत. उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता या माणसानं. बायकामाणसांनी त्या खोलीत येऊ नये असा हुकूम झाला. ताई सूप घेऊन बाहेर आली.

भावोजी आपल्याच कौतुकात होते, दिवाणखान्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ताईनं घाई केली नाही. आधी पडदा काढला. म्हैस दिसू लागली आणि वाराही आला. झुंबर वर गेलं. कुत्री गल्लीतल्या मुलांना खेळायला दिली. खुर्च्या एकेक करून माळ्यावर गेल्या आणि त्यांच्या जागी सुताराकडून एक ठेंगणा बाक आला. भिंतीतल्या कोनाड्यातलं घड्याळ तिनं उतरवलं.

भाद्रपदात एका दुपारी भावोजी कचेरीतून आले. आता तेही मोठी पगडी घालत. दारात थबकले, इकडेतिकडे पाहिलं. "अरे वा! इथं तर बरं वाटून राहिलंय," ते म्हणाले, "उद्यापासून मी इथंच बसत जाईन." त्यांनी पगडी उतरवली आणि रिकाम्या कोनाड्याकडे हात नेला.

ताई बाकावरून उठली नाही. मांडीवरचा शिवणाचा डबा तिनं उचलला आणि त्या कोनाड्यात ठेवला.

"भरला," ती म्हणाली.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वेताच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. त्यावर माणूस बसतो, म्हणून तिथंही पगडी ठेवता येत नव्हती. ते ती हातात घेऊन उभे राहिले, आणि ताईनं सूप पुढं ओढून तांदूळ निवडायला घेतले.