मोरितासानच्या घरी कसं जावं

शनिवारी सकाळी दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या मृणालिनी दातारांच्या दारात चपलांचा ढीग दिसला, की शेजारी समजून जायचे, कोणीतरी जपानला निघालंय. पुण्यात जपानी शिकून बाईंनी चाकणच्या एका कारखान्यात बरीच वर्षं दुभाषी म्हणून काम केलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमागे त्या दोहाला आल्या आणि ते काम सुटलं. जपानी मात्र सुटली नाही. फिरायला निघालेल्या ओळखीपाळखीच्यांना त्या चहा पाजून तिकडच्या रीती समजावत.

"एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका," त्या सांगत. कोणी कारण विचारलं की म्हणत, "आपण राख सावडताना अस्थी वेचतो ना? तिकडे त्या चॉपस्टिकने उचलतात, एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देतात. जेवताना तेच आठवणार नाही का?" मग हसणारेही गंभीर व्हायचे.

गेल्या हिवाळ्यात आफताब आला. मूळचा रत्नागिरीकडचा, इथल्या हमद बंदरावर क्रेन सांभाळणारा इंजिनिअर. ज्यांच्या हाताखाली तो तयार झाला, ते जपानी साहेब, मोरितासान, निवृत्त होऊन जपानात नागोयाला परतले होते आणि तिथेच वारले. त्यांच्या पत्नीला भेटायला तो निघाला होता.

बाईंनी नेहमीच्या सफाईनं सांगितलं. गडद कपडे घालायचे. घरात दिवंगतांचा देव्हारा असतो, त्यासमोर बसून अगरबत्ती लावायची, हात जोडायचे.

आफताबनं कप खाली ठेवला. "ताई, तेवढं मला जमणार नाही. मी नमाजी माणूस. पण तिथं जाऊन नुसताच उभा राहिलो, तर त्यांचा अपमान होईल का?"

इतक्या जणांना रीती शिकवल्या, पण ज्याला ती रीत पाळता येत नाही त्यानं काय करावं, हे बाईंनी कधी मनात आणलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, आफताबभाई," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पत्नीलाच विचारू या. नंबर आहे?"

फोन स्पीकरवर लावला. बाईंनी जपानीत सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. आफताब कासावीस झाला, "रागावल्या का?" बाईंनी हातानंच त्याला थांबवलं. ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. तिच्यात आपण बोलायचं नसतं.

मग म्हातारीचा सावकाश आवाज आला. ऐकता ऐकता बाईंचे डोळे भरून आले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'तुम्ही नमाजाला गेलात की आमचे हे हातातलं काम थांबवून चहा घ्यायचे, आणि घरी फोनवर मला सांगायचे, आफताब आत्ता प्रार्थना करतोय. या. तुमची प्रार्थना तुमच्या पद्धतीनं करा. त्यांना ती ओळखीची आहे.'"

आफताबनं तोंड फिरवलं.

तो जाऊन आला. म्हातारीनं त्याला फोटोसमोर बसवलं, स्वतः मागे बसली. त्यानं दुआ मागितली. नंतर मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघं क्रेनबद्दल बोलत बसले, संध्याकाळ होईपर्यंत.

शनिवारची मंडळी अजूनही येतात. आता बाई आधी विचारतात, "तिकडे भेटणार कोणाला?" बहुतेक म्हणतात, कोणालाच नाही. मग त्या एखाद्या लहानशा गावातल्या खानावळीचं नाव सुचवतात, जिथली मालकीण वाढून झालं की गप्पा मारायला बसते.