बाहेरची कडी

चंदगडच्या एसटीत शेजारचा पन्नाशीचा माणूस मोबाइलवर इंग्रजी वाचत होता. विषय होता माणसाला माणसासारखं ठेवणारे तुरुंग.

"लेक आर्किटेक्टचं शिकतीया. तिनं लिवलंय, कळाय पायजे की," तो म्हणाला.

शब्द अडला की तो मोबाइल माझ्यापुढं धरायचा. डेलाइट झाला, कोर्टयार्ड झाला. मग प्रायव्हसी आला.

"आपलं दार आपल्याला आतून लावता येणं," मी सांगितलं.

"जेलात आमची कडी बाहेरनं असायची, पावणं," तो सहज म्हणाला आणि तो शब्द पुटपुटत राहिला.

त्याचं गाव आलं. बस थांबली. बंद दारासमोर तो हात मागं बांधून उभा राहिला.

"हँडल म्होरंच हाय की," कंडक्टर खेकसला.

त्यानं हँडलकडं बघितलं.

"मी उघडू?" त्यानं विचारलं.