काचेच्या अलीकडे

विद्यापीठाच्या बालवाडीत एका भिंतीला मोठी काच आहे. मुलांच्या बाजूने तो आरसा, आमच्या बाजूने खिडकी. बालमानसशास्त्राचे आम्ही विद्यार्थी अलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसून मुलांना पाहत असतो. "आत काहीही होवो, काच वाजवायची नाही," असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आज एक नवी मुलगी आली. असेल तीनेक वर्षांची. आई दाराआड गेली आणि तिने टाहो फोडला. माझ्या शेजारी पेनं सरसावली, कारण आई दूर गेल्यावर मूल कसं वागतं हाच आजचा पाठ होता. मोठी माणसं कशी वागतात, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमात नाही. ती टाहो फोडत नाहीत. वेळेवर वर्गात येतात, मेसमध्ये मुकाट्याने जेवतात. गेल्या पावसाळ्यात माझी आई वारली, हे एवढ्या मोठ्या विद्यापीठात कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही, आणि न विचारता असलं काही सांगायचं तरी कसं?

रडत रडत ती मुलगी आरशापाशी आली. आरशातली रडणारी मुलगी बघून एकदम थांबली. मग तिने काचेवर हात ठेवला आणि गालावरून फिरवावा तसा हळूच फिरवत म्हणाली, "रडू नको हं. आई येणार आहे."

नेमक्या त्या जागी, अलीकडे, माझा चेहरा होता.

बारा वाजता तिची आई आली.