ओळंब्याची लाल लोकर

"कान धरून उचलू काय तुले?"

कुणी बंदूक तिच्यावरच्या दुर्बिणीला धरून उचलली की आमचे शेजारी भाऊ एवढंच विचारत. समोर साहेब असले, तर फक्त 'तुले'चं 'तुमाले' होई.

मुलांनो, घाबरू नका. ही बंदूक गोळीची नव्हे, वाघाला गुंगीचं औषध टोचणारी. ती डॉक्टर चालवत. तिच्यावर दुर्बीण बसवून नेम जुळवायचं काम मात्र वनखात्यातल्या या भाऊंचं; दुर्बिणीला धरून उचललं की तो नेम हलतो. त्यासाठी लांब, मोकळी जागा हवी, म्हणून ते जंगलाकाठच्या मोहर्ली गावातल्या माझ्या परसात येत. ज्या जांभळाला झोपाळा बांधू म्हणून तुम्ही हट्ट केला होता, त्याच्या फांदीला त्यांचा ओळंबा असे: माझ्या विणकामातली लाल लोकर आणि खाली बांधलेला दगड. दुर्बिणीतली उभी रेघ त्या लोकरीशी जुळेपर्यंत ते स्क्रू आवळत नसत. मग थोडा इकडचा, थोडा तिकडचा; कणकेत पाणी घालावं तसं, बेताबेतानं. शेवटी औषधाऐवजी पाणी भरलेली सुई कोंड्याच्या बोऱ्यावर, म्हणजे पोत्यावर, काढलेल्या ठिपक्यावर मारून पाहत.

"जमलं का हो भाऊ?"

"मले नोका विचारू बाई, बोऱ्याले विचारा."

बोऱ्यानं होकार दिल्याशिवाय चहा घेत नसत. मी तो कितीदा तरी पुन्हा गरम केला आहे.

एका हिवाळ्यात तलावाकाठी वाघीण येऊन बसली. रानडुकरासाठी लावलेल्या फाशाची तार तिच्या गळ्यात रुतली होती. तार निघाली नाही तर ती मरणार, आणि नेम चुकून बिथरली तर जंगलात पुन्हा सापडायची नाही. आम्ही गावकरी दूर, जीपजवळ थांबलो होतो. भल्यामोठ्या मिशांच्या नव्या ड्रायव्हरनं घाईत बंदूक उतरवली, ती नेमकी दुर्बिणीला धरून.

भाऊ या वेळी कानाचं काही बोलले नाहीत. त्यांनी जीपमधला बोरा काढला आणि बांधाआड टेकवला.

"अहो, सकाळीच जुळवली ना?" डॉक्टर कुजबुजले. "ती उठून जाईल!"

"गेली त जाईल. पण बंदूक आता खरं बोलून राह्यली का खोटं, कोणाले मालूम?"

फुस्स. सुई ठिपक्याच्या वीतभर डावीकडे लागली.

भाऊंनी खिशातली लोकर दगड बांधून बाभळीला टांगली, स्क्रू सैल केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वाघीण उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली. भाऊंनी मान वर केली नाही. पुन्हा फुस्स. सुई ठिपक्यात.

"न्या आता," म्हणत त्यांनी तान्हं मूल द्यावं तशी बंदूक डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांची सुई वाघिणीच्या मांडीत बसली. ती झोपली तशी तार कापली, जखम धुतली. दिवस मावळायच्या आत ती उठली आणि लडखडत बांबूत शिरली. सगळे डॉक्टरांभोवती जमले. भाऊ ड्रायव्हरकडे गेले, हलकेच त्याचा कान धरला आणि म्हणाले, "उचलू काय?" एवढ्या मिशांचा माणूस, पण लाजून लाल झाला.

भाऊ जाऊन आता वर्ष झालं. हल्ली तोच ड्रायव्हर बंदूक दोन्ही हातांवर घेऊन माझ्या परसात येतो. परवा चहा नेला, तर म्हणाला, "थांबा बाई, आधी बोऱ्याले विचारतो."

ओळंब्याची लोकर उन्हानं पार फिकी पडली आहे. मी त्याला नवी देऊ केली.

"राहू द्या," दुर्बिणीतून डोळा न काढता तो म्हणाला. "सरळच हाये ना ते."