आजोबांच्या वाट्याची रम

ज्या कुणा शहाण्यानं पहिल्यांदा सांगितलं की दारू प्यायची नसते, चाखायची असते, त्यानं माझं लग्न मोडलंय. समोर येऊ दे, दापोड्याच्या गोडाऊनमध्ये कोंडून वर कुलूप लावतो की नाही बघा!

हसू नका. अब्रू गेलीय, आणि तीही अख्खी.

राहनाळला सायलीच्या घरी मागणी घालायला मी एकटाच गेलो. एकटाच का? मी तत्त्वाचा माणूस ना! मानपान नको, बैठक नको. आणि आपल्याकडे हळदीत जी दारू वाहते, तिचा तर मला मनापासून संताप. माणसं बादलीनं पितात, पण चव विचारा, एकालाही सांगता येणार नाही! म्हटलं, सुधारणा होणाऱ्या सासऱ्यांपासूनच सुरू करू. जहाजावरच्या मित्रानं जमैकाची रम आणली होती, शेरी नावाच्या वाइनच्या लाकडी पिंपात मुरवलेली. तीच बाटली घेऊन गेलो.

काका, म्हणजे सायलीचे वडील, खूश झाले. अर्धं लग्न तिथंच जमलं म्हणा ना! त्यांनी एक ग्लास भरून भिंतीवरच्या सायलीच्या आजोबांच्या फोटोसमोर ठेवला, हात जोडले. "बा, घे रं. पोरीचं काम हाय." मग त्याच ग्लासातली थोडी थोडी आम्हा तिघांना ओतली. मला, स्वतःला आणि पलंगावर बसलेल्या सायलीच्या आत्याला.

हे मी पाहिलं. पण समजून घ्यायला वेळ कुणाला होता?

"सायली, एक रिकामी वाटी दे गं."

बिचारीला वाटलं, चकण्याला हवी.

"काका, एकदम पिऊ नका," मी सुरू झालो. "आधी वास घ्या. मनुका येतात? जळका गूळ? हा पिंपातल्या शेरीचा वास बरं का, स्पेनच्या द्राक्षांचा. आता घोट तोंडात फिरवा..."

आणि मी माझा घोट, चाखणाऱ्यांच्या नियमाप्रमाणे, वाटीत थुंकलो.

काकांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"का रं? नासली काय?"

"छे, काका! उत्तम आहे. उत्तम आहे म्हणूनच थुंकलो!"

"माज्या बाचा परसाद थुकलास तू?"

दारातून सायली डोळे मोठे करून मान हलवत होती. मला वाटलं, पोरगी धीर देतेय! म्हटलं, यांना शास्त्र समजलेलं नाही, परत दाखवायला हवं. घाईघाईत हाताला आला तो ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला.

"अरं, तो बाचा ग्लास हाय!" काका ओरडले.

दचकलो हो मी! तोंडातली सगळी रम फुर्रकन उडाली. कुठं? थेट फोटोवर. आजोबांच्या मिशीवरून जमैका खाली ओघळायला लागली.

मी रुमालानं पुसायला धावलो, तर हार तुटून हातात आला. आता सांगा, यापुढे माणसानं काय बोलावं? मी बोललो. म्हटलं, "काका, वास तरी छान आहे ना?"

आतलं दार धाडकन लागलं. सायलीनं लावलं.

काकांनी फक्त रस्त्याकडे बोट दाखवलं. मी चपला शोधत होतो. तेवढ्यात इतका वेळ एक शब्द न बोललेल्या आत्यांनी आपला ग्लास रिकामा करून पदरानं तोंड पुसलं.

"दादा, बाटली ऱ्हाऊ दे हितंच. चांगली हाय. पोरगा तेवढा दुसरा बघ."